दुसरीच्या वर्गाचं मौन

"वर्गात काय शिकवलं ते पालकांना रोज कळलं पाहिजे, सुकन्याबाई. चुकलात, तर मंडळाला उत्तर तुम्हीच द्यायचं."

मुख्याध्यापक केसरीनाथ गुरुजींचं हे बोलणं सकाळच्या जपातसुद्धा सुकन्याबाईंच्या कानात घुसायचं. देवीच्या मंदिराच्या मंडळानं चालवलेली ती प्राथमिक शाळा भिवंडीच्या कडेला, यंत्रमागांच्या खडखडाटात उभी होती. बाई काय शिकवतात याचा घरी पत्ताच लागत नाही, अशी दुसरीच्या पालकांनी तक्रार केली होती. गुरुवारी मंडळाचे अध्यक्ष पंढरीशेठ स्वतः वर्ग बघायला येणार होते. त्यांना पटलं नाही, तर वर्ग दुसऱ्या बाईंकडे जाणार होता.

बुधवारी बाईंनी मुलांना जेवणाआधी थोडा वेळ मौन धरायला शिकवलं. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'आज मुले मौन शिकली. घरी सराव करून घ्यावा.' पुन्हा पुन्हा वाचलं, देवापुढे हात जोडले आणि मग पाठवलं.

हितेशच्या आजीनं, म्हणजे आक्कानं, ते सुनेकडून वाचून घेतलं. सराव वगैरे अर्धवट कामं आक्काला पसंत नव्हती. गुरुवारी पहाटेच तिनं नातवाला पाटावर बसवलं आणि वज्रेश्वरीचं नाव घेऊन त्याच्या ओंजळीतून ताम्हनात पाणी सोडायला लावलं. मग ग्रुपवर आपला आवाज पाठवला, "आमच्या हितेशनं पानी सोडलंय. आता दिवं लागंपर्यंत त्यो बोलनार न्हाय. बाकीच्यांचं काय?"

बाकीच्यांच्या अब्रूचा प्रश्न झाला. घंटा होईतो घरोघरी ताम्हनं निघाली होती.

बाई तेव्हा पूजेत होत्या, फोन पिशवीत. हजेरी घेताना एकही 'हजर' ऐकू येईना, नुसते हात वर होऊ लागले. फोन उघडला तेव्हा उलगडा झाला. बाईंनी समजावलं, विनवलं. रोज 'गप्प बस' ऐकणाऱ्या करिष्मानं उलट बाईंकडेच बघून ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात गुरुजी शेठना घेऊन आत आले.

शेठनी एकाला नाव विचारलं. तो गोड हसला. दुसऱ्याला पाढा विचारला, त्यानं हात जोडले. कविता म्हणा म्हटल्यावर अख्ख्या वर्गानं मान खाली घातली.

"गुरुजी," शेठ म्हणाले, "ह्यांना काय येत न्हाय, का मीच ह्यांना आवडत न्हाय?"

बाईंनी सगळं सांगितलं.

"मंग सोडा की मौन. मी सांगतोय ना."

नातवाला कुणी बोलतं करेल या काळजीनं आक्का सकाळपासून व्हरांड्यात बसून होती. ती दारात आली. "सांगा, शेठ, सांगा. देवीच्या नावाचं पानी हाय. मोडायला लावनाऱ्याला दोष लागतो, पोरांना न्हाय."

शेठच्या नव्या गोडाऊनची वास्तुशांत तोंडावर आली होती. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "मी आपलं सहज बोललो, आक्का. आता काय करू?"

"तुमीपन पानी सोडा, दिवं लागंपर्यंत. काय बोलायचं आसंल, ते आधी बोलून घ्या."

बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. आता शेठ जे बोलतील तेच शेवटचं.

शेठ गुरुजींकडे वळले. "तक्रार काय व्हती? घरी कळत न्हाय. हितं तर समद्या घरांत कळलंय, आन् पाळलंयपन. वर्ग बाईंकडंच ऱ्हाऊ दे." आणखी काही राहिलं का, याचा त्यांनी क्षणभर विचार केला आणि ओंजळ पुढे केली. गुरुजींनी तांब्या कलता केला.

शेठ फाटकापाशी पोचले तोवर खिशातला फोन वाजू लागला होता. त्यांनी तो काढून पाहिला आणि वाजता वाजताच परत ठेवला. रिक्षावाला मोरू लगबगीनं पुढे आला. वाटेत सगळ्या गावाच्या चौकशा करणारा माणूस तो.

"बसा शेठ. कसा काय वाटला वर्ग?"

शेठनी त्याला हात जोडले आणि भर उन्हात, पायीच, अंजूरच्या आपल्या घराची वाट धरली.