आठे बसा

धुळ्यात कुणी परगावचा माणूस नानांना पोस्टाचा पत्ता विचारू लागला, की आम्हाला त्या माणसाची दया येई. नाना त्याला पोस्ट दाखवीत. पण त्याआधी गोऱ्या साहेबांचा जुना क्लब, लॉकअपची मागची खिडकी आणि चळवळीत ज्यावर झेंडा बांधला होता तो कडुनिंब, एवढं सगळं पायी दाखवीत. एका विमा एजंटाची बस अशीच चुकली. मुलगी बघायला आलेले पाहुणे दिवेलागणीला पोचले.

क्लबच्या फाटकातून नाना आधी स्वतः आत जात आणि हाक मारीत, “पहिले आपलाले येऊ देत नव्हतात. आते या बठ्ठा.” बठ्ठा म्हणजे सगळे, मग मागे एकटा विमा एजंट का असेना.

खरी पंचाईत चौथ्या गल्लीत होई. तिथे तेलघाण्यापुढे एक बुटका, तेलकट ओटा आहे. त्या जागी नाना इतिहासाचं अक्षर बोलत नसत. काठीने ओटा दाखवीत आणि म्हणत, “आठे बसा.” आठे, म्हणजे इथे. रेशमी धोतर असो की इस्त्रीची पँट, बसल्याशिवाय सुटका नव्हती. स्वतः मात्र कधी बसत नसत. काठी टेकून, बसलेल्याचा दम खाऊन होईपर्यंत उभे राहत. म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात नि बसवतो आपल्याला, असं म्हणून आम्ही हसत असू. मीही हसलो आहे. नाना गेले त्याला आता वर्ष होईल.

स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली, तेव्हा झिपरू शिंप्याच्या नावाने दगड बसवायचं ठरलं. चळवळीच्या मिरवणुकीत पोलिसांच्या काठ्या खाऊन तो गेला होता. मी शाळेत मास्तर, म्हणून दगडावरचा मजकूर माझ्याकडे आला. जागा कचेरीपुढची ठरली. झिपरूला तिथे पडताना पुष्कळांनी पाहिलं होतं, शिवाय मांडवाला जागा ऐसपैस. समितीचे अध्यक्ष, धान्याचे व्यापारी शेठजी, आम्हाला घेऊन गेले तेव्हा खड्डा खणून तयार होता. नाना त्याच्या काठावर उभे होते. हलेनात.

“आठे नही,” ते म्हणाले. “गल्लीमा. ओट्यापाशी.”

शेठजींनी समजूत घातली. मग शहिदाला तेलात कशाला बसवता, म्हणून चेष्टा केली. गवंडी हसला. नानांनी वाकून त्याची पहार धरून ठेवली, तेव्हा शेठजी चिडले. “नाना, तुम्ही जळगावचे. तेव्हा इथे नव्हतातच. तुम्हाला काय ठाऊक?”

ऐकलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही त्यांना चळवळीतला माणूस धरून चाललो होतो; त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं.

“व्हतू मी, मास्तर. बंदोबस्तले आणेल व्हतं आमले. काठी मना हातमा व्हती.”

नाना खाली बघत सांगत राहिले. गुडघ्यावर घाव बसताच झिपरू तो ओटा धरून वाकला होता. आठे बसू दे, भाऊ, एवढंच म्हणाला. नानांनी बसू दिलं नाही. बखोट धरून त्याला कचेरीपर्यंत चालवत आणलं. कचेरीपुढे तो पडला. त्यानंतर नानांच्या अंगावर वर्दी चढली नाही.

शेठजींनी गवंड्याला खूण केली. दगड कचेरीपुढेच बसला.

पुढे परगावच्या माणसाला नानांपर्यंत कुणी पोचू देईना. लोक धावत जाऊन पत्ता सांगू लागले. नाना दाराशी काठी घेऊन उभे असत.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या दाराशी गेलो.

“नाना, पोस्ट कुठे आहे?”

रोज त्याच पोस्टात पत्र टाकणाऱ्या मला त्यांनी नीट न्याहाळलं आणि वहाणा घातल्या. क्लब झाला, खिडकी झाली, कडुनिंब झाला. चौथ्या गल्लीत काठी ओट्याकडे वळली. मी बसलो. मग जरा सरकून जागा केली.

“नाना, आठे बसा.”

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. मला ते नेहमी मास्तर म्हणत.

“बसू का, भाऊ?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले.