टपावरची वीज

माझ्या गाडीत विजेचा तुटवडा कधीच पडणार नाही, हे मी इतक्या लोकांना सांगून ठेवलं होतं की शेवटी माझाही त्यावर विश्वास बसला.

गाडी म्हणजे एक जुनी पांढरी व्हॅन. पूर्वी ती लॉन्ड्रीच्या कपड्यांची ने-आण करायची. मी विमा कंपनीत टेबलावर बसणारा माणूस, पण माझ्या हातांना स्वस्थता नाही. सुट्टीच्या दिवशी खपून खपून मी तिच्यात झोपायची बाकं केली, छोटा फ्रिज बसवला आणि टपावर सौर पॅनेल चढवले. बाकाखाली बॅटरी, भिंतीवर आकडे दाखवणारा मीटर. लोक पाळण्यात डोकावतात तसा मी त्या मीटरमध्ये डोकावायचो. गाडीच्या इंजिनावरही ही बॅटरी भरता येते, एक वायर तेवढी जोडावी लागते. ती मी मुद्दाम विकतच घेतली नाही. टपावर अख्खा सूर्य असताना डिझेलपुढे हात पसरणं मला कमीपणाचं वाटलं.

बायको शाळेत गणित शिकवते. एका मोठ्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली होती आणि तिची शेवटची मुलाखत व्हायची होती, घरबसल्या, लॅपटॉपवर. हे पद तिला मनापासून हवं होतं. नेमकी तीच तारीख आमच्या सहलीत येत होती.

"अहो, मुलाखत होऊन जाऊ दे, मग निघू," ती म्हणाली.

"उलट तिथूनच दे. डोंगर, झाडी, शांतता. शेजारच्यांचं ड्रिल मशीन नाही. आणि वीज घरापेक्षा जास्त."

"नक्की?"

"सूर्य काय सुट्टीवर जाणार आहे?"

सूर्य सुट्टीवर गेला नाही. तो तिकडे कामालाच नव्हता.

आम्ही पोचलो ती जागा दाट झाडीत होती. उंचच उंच झाडं, त्यांच्यावर धुकं, धुक्यावर ढग. सासूबाईही बरोबर होत्या. त्यांनी खाली उतरून वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, इथं ऊन कुठून यायचं?"

"सासूबाई, पॅनेलला ऊन लागत नाही, उजेड लागतो. ढगातूनसुद्धा वीज बनते."

हे खोटं नाही. ढगातूनसुद्धा वीज बनते. पण मीटरवर जो आकडा आला, तेवढ्या विजेवर फार तर भिंतीवरचं घड्याळ चाललं असतं, तेही सेकंद काटा काढून ठेवला तर. मी मीटरला टिचक्या मारल्या. टपावर चढून पानं झाडली. ती झाडेपर्यंत दुसरी पडली. गाडी थोडी पुढे घेतली, तर पुढच्या झाडाच्या सावलीत गेली.

तरी बॅटरी घरून भरून आणलेली होती. जपून वापरली असती तर पुरली असती. पण सासूबाईंचे गुडघे त्या थंडीत धरले होते, आणि त्यांच्याकडे शेकायची विजेची पिशवी होती.

"लावू का हो ही? की वीज फार खाते?" त्यांनी भिडस्तपणे विचारलं होतं.

"बिनधास्त लावा," मी म्हणालो होतो. "सूर्याची वीज आहे. संपायची नाही."

त्यांनी शब्द प्रमाण मानला. आधी डावा गुडघा, मग उजवा, मग कंबर, मग थंड पडलेलं अंथरूण, आणि शेवटी उशाला ठेवलेला चष्मा, कारण काचेवर वाफ धरत होती.

मुलाखतीच्या सकाळी फ्रिजची घरघर थांबलेली होती. मीटर काळा. लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवलेला, पण तोही उपाशीच; त्याची स्वतःची बॅटरी जुनी, बाहेरची वीज गेली की लगेच मिटणारी. बायकोने त्याचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं आणि झाकण मिटलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "माझे सगळे तक्ते, सगळी आखणी यात आहे. फोनवर ते दाखवता येणार नाही. खाली गावात जाऊन कुणाकडे तरी प्लग मागू."

"प्लग मागू? सौर गाडी घेऊन?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडी सुरू केली.

पण उतारावर मला ते दिसलं. ढगांना कुठेतरी भोक पडलं होतं आणि गावाच्या मधोमध, आरोग्य केंद्रासमोरच्या मोकळ्या जागेत, अंगणाएवढं ऊन पडलं होतं. बाकी सगळीकडे अंधारलेलं. मी थेट त्या उन्हात नेऊन गाडी उभी केली. मीटर उजळला, आकडा चढला, लॅपटॉपवर दिवा लागला. बायकोच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला.

"असंच राहू दे," ती म्हणाली. "आता कुणी आत येऊ नका."

ती आत कामाला लागली. मी फडकं घेऊन टपावर चढलो, कारण पॅनेलवर झाडांचा चीक बसला होता. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या. मुलाखत सुरू झाली. टपाखालून बायकोचा शांत, स्वच्छ आवाज ऐकू येत होता.

एवढ्यात गालाला रुमाल बांधलेले एक गृहस्थ आले.

"इथेच दाखवायचं ना?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंना वाटलं, पॅनेल बघायला आले आहेत. त्यांना जावयाचा तेवढा अभिमान आहे.

"हो, इथेच. ते वर आहेत, खाली आले की दाखवतील."

गृहस्थांनी वर पाहिलं. मी हात हलवला.

"फार त्रास होतो का हो?" त्यांनी सासूबाईंनाच विचारलं.

"छे. काहीच नाही. नुसतं उन्हात ठेवायचं, आपोआप होतं."

"उन्हात?" ते जरा दचकले. "तोंड उघडं ठेवून?"

"झाकून कसं चालेल? सगळं उघडंच लागतं."

ते गृहस्थ बिचारे सासूबाईंच्या मागे उभे राहिले. त्यांना पाहून एक आजी थांबल्या, मग शाळकरी मुलीला घेऊन एक बाई. बघता बघता रांग लागली. मी वरून खूश होतो. सौरऊर्जेबद्दल इतकी उत्सुकता मी आमच्या ऑफिसात कधी पाहिली नव्हती.

आजींना उभं राहवेना. त्यांनी दार ढकललं आणि बायकोशेजारी बाकावर जाऊन बसल्या, आणि तोंडाचा आ केला. मुलाखत घेणाऱ्यांना पडद्यावर उमेदवार दिसत होती आणि तिच्या खांद्याशेजारी एक उघडं तोंड.

"माफ करा, एक क्षण," बायको पडद्याकडे पाहून म्हणाली, आणि मग वळून, "आजी, तोंड मिटा. कुणाला शोधताय तुम्ही?"

"दाताच्या डॉक्टरला. दर महिन्याला गाडी येते ना."

त्याच वेळी ती गाडी आली. दाताच्या दवाखान्याची खरी गाडी, पांढरीच, पण आमच्या दुप्पट उंच. ती केंद्राच्या भिंतीला लागून, म्हणजे आमच्या अगदी शेजारी, सूर्याच्या बाजूला उभी राहिली. सगळं ऊन तिने स्वतःच्या अंगावर घेतलं. मी टपावर फडकं घेऊन सावलीत उभा होतो. खाली बायकोचा आवाज वाक्याच्या मध्येच थांबला.

मी उतरेपर्यंत तिने फोन कानाला लावला होता. "सर, वीज गेली आहे, दोन मिनिटांत पुन्हा जोडते," असं संस्थेच्या अध्यक्षांना सांगून तिने लॅपटॉप काखेत मारला आणि ती दवाखान्याच्या गाडीच्या पायऱ्या चढली. त्या गाडीची जाड केबल केंद्राच्या भिंतीतल्या प्लगला जोडलेली होती. सूर्याशी तिचा काही संबंध नव्हता.

आत डॉक्टरबाई हातमोजे चढवत होत्या. बायकोने अडचण सांगितली.

"प्लग आहे," त्या म्हणाल्या, "पण आत फक्त पेशंट आणि त्याचा एक नातेवाईक. बाहेर रांग आहे, नियम मोडला तर लोक माझ्याशी भांडतील."

बायकोने क्षणभर विचार केला, मग माझा दंड धरून मला पुढे केलं.

"हे पेशंट. मी नातेवाईक."

नंबर खरं तर रुमालवाल्या गृहस्थांचा होता. त्यांनी घाईघाईने मला पुढे व्हायची खूण केली. आधी दुसऱ्या कुणाचं काय होतं ते बघावं, असा त्यांचा हिशेब असावा.

मी खुर्चीत आडवा झालो. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, लॅपटॉप जोडला, केस सारखे केले आणि जिथे थांबली होती तिथून बोलायला लागली. मला वाटलं होतं, डॉक्टरबाई वरवर बघतील, निदान वेळ काढतील. पण त्या कामाला पक्क्या होत्या. त्यांनी आरसा आत घातला आणि थबकल्या.

"कधीपासून दुखतंय?"

"आँ," मी म्हणालो. म्हणजे दुखत नाही.

"दुखणारच. अक्कलदाढ आहे. आतून पूर्ण किडलीय, काढावी लागेल."

पायरीवर उभ्या असलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे होती तर."

मी बायकोकडे पाहिलं. तिने पडद्यावरची नजर न हलवता डॉक्टरबाईंना मानेने होकार दिला. मुलाखत अजून बरीच बाकी होती.

पुढचं मी तपशिलात सांगत नाही. सुई टोचली तेव्हा बायको शाळेच्या ग्रंथालयाबद्दल बोलत होती. चिमटा आत गेला तेव्हा पालकांच्या तक्रारी. मी जेवढा आवाज दाबता येईल तेवढा दाबला, पण दाढ हट्टी होती आणि एक-दोनदा माझ्या घशातून असा आवाज निघाला की बाहेर रांगेतून कुणीतरी निघून गेल्याचं ऐकू आलं. बहुतेक रुमालवाले गृहस्थ. बायकोचा सूर मात्र एकदाही हलला नाही. दाढ निघाली तेव्हा ती सगळ्यांचे आभार मानत होती.

परतीच्या वाटेवर, डोंगर उतरून खाली आलो तेव्हा तिचा फोन वाजला. अध्यक्ष होते. गाडी ती चालवत होती, म्हणून तिने मला फोन स्पीकरवर धरायला सांगितलं.

"अभिनंदन, बाई. आमचं एकमत झालं. तुमच्या मागे तो माणूस एवढा विव्हळत होता, पण तुमचा आवाज चढला नाही की विषय सुटला नाही. शाळेला असंच माणूस हवं होतं."

ती हसली, आणि तिचे डोळे भरून आले. मलाही फार आनंद झाला. तो दाखवता येत नव्हता, कारण तोंडात कापूस होता आणि अर्धा चेहरा बधिर होता. मागच्या बाकावरून सासूबाईंनी लेकीच्या पाठीवर हात फिरवला.

"आणखी एक," अध्यक्ष म्हणाले. "शाळेच्या छपरावर सौर पॅनेल बसवायचा विचार चाललाय. त्यातलं कळणारं कुणी तुमच्या ओळखीत आहे का?"

मी ताठ बसलो. छातीवर बोट ठेवलं, मग टपाकडे दाखवलं, मग पुन्हा छातीवर. बोलायला गेलो तर नुसता कापूस हलला.

बायकोने रस्त्यावरून नजर काढून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"नाही हो, सर," ती म्हणाली. "माझ्या ओळखीत तसं कुणीच नाही."