देगलूरकरकाकांची वहिवाट

आमच्या अंगणातून जाताना देगलूरकरकाकांना कोणी "या" म्हटलेलं चालत नसे.

"या म्हणू नका! या म्हटलं की इजाजत झाली, आणि इजाजत झाली की हक्क मेला!" असं ओरडत ते धुण्याच्या दगडाला वळसा घालून मागच्या गल्लीत निघून जात.

काका निवृत्त वकील. हिमायतनगरात आमची घरं शेजारी शेजारी. मधे बुटकी भिंत, तिच्यात एक लाकडी दार. त्यांच्या घराला पुढून हत्ती जाईल एवढं फाटक होतं. तरी रोज सकाळी ते त्या दारातून येत, आमचं अंगण ओलांडत आणि तसेच परत जात. पावसात छत्री घेऊन, तापात मफलर गुंडाळून.

"वहिवाट म्हणजे नुसती वाट नव्हे," ते दगडापाशी थांबून सांगत. "परक्याच्या जमिनीवरून वर्षानुवर्षं न विचारता जाऊन मिळालेला जायचा हक्क, ती वहिवाट. जमीन कसणं, तीही वहिवाट. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तीही वहिवाटच!" बाबा अर्ध्यातच डोळे मिटून घेत. आई भांडी आपटे.

नव्वदनंतर गल्लीतले बंगले एकेक करून पडू लागले. बाबा गेल्यावर आम्हीही बिल्डरला होकार दिला. अडचण एकच, काकांचं दार. आता हे दावा लावणार, वर्षानुवर्षं तारखा पडणार, या विचारानंच आम्ही थकलो होतो.

बिल्डर त्यांच्यासमोर बसला आणि काय हवंय ते त्यानं आपल्या दखनीत विचारलं. "वकीलसाब, क्या होना आपको?"

"कुछ नहीं होना. दीवार बांध लो."

काका आईकडे वळले. "वहिनी, आमची ही दुपारी याच दारानं तुमच्याकडे यायची. ती गेल्यावर कडीला गंज चढायला लागला. म्हटलं, कोणी चाललं नाही तर वाट बुजेल. आता तुमचं अंगणच राहत नाही."

"मग कधी घटकाभर बसला का नाहीत?" आईनं विचारलं.

"तुम्ही भांडी आपटत होता."

भिंत उभी राहिली, आमच्या घराच्या जागी इमारतही. आता काका मोठ्या रस्त्यानं फिरून आमच्या तिसऱ्या मजल्यावर येतात. लिफ्ट बहुधा बंदच असते. धापा टाकत खुर्चीत बसतात. काकू दुपारी येऊन काय काय बोलायच्या, ते आई त्यांना थोडं थोडं सांगते. बरंचसं त्यांच्याबद्दलच्या तक्रारीच असतात. ते मान खाली घालून ऐकतात आणि हळूच विचारतात, "आणखी काय म्हणायची?"