सुभेदाराची ओळ

आमच्या गल्लीतल्या खडकेसरांसमोर टाळी वाजवायची सोय नव्हती. लेकराच्या वाढदिवसाला कुणी वाजवली तरी गुरकावायचे, "इथं टाळी न्हाई." हिंगोलीच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ स्वतःला युरोपातल्या एखाद्या दरबारचा समजे.

कुठून तरी त्यांना तिकडचं तीनशे वर्षांपूर्वीचं एक कथागायन सापडलं. न मानलेल्या देवापुढे धूप जाळायला नकार देणारी पोरगी आणि तिला धमकावणारा सुभेदार. पोशाख नाही, अभिनय नाही, नुसतं उभं राहून गायचं. सरांनी ते आपल्या मराठीत आणलं आणि सुभेदार स्वतःकडे ठेवला. त्यांना तसाही अभिनय करावा लागला नसता.

कोरसला आमचं भजनी मंडळ धरलं. चार आवाजांत चार वेगळ्या ओळी गायच्या म्हणे. आम्हाला एकच ठाऊक, बुवा म्हणेल ते मागून म्हणायचं. सर पट्टी आपटायचे. "गाऊन राहिले का वांगी विकून राहिले?"

मागे एका नवरात्रात त्यांच्या लेकीनं, सुमननं, घटापुढे हात जोडले नाहीत. म्हणाली, "बाबा, मनात न्हाई तर कसे जोडू?"

"मग या घरात राहू नको."

ती जवळा बाजार गावी नोकरीवर गेली, ती गेलीच. हे बोलणं झालं तेव्हा मी शेजारच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. एक शब्द बोलायला हवा होता. मी पान उलटलं.

कार्यक्रमाला मंगल कार्यालय निम्मं भरलं, तेही प्रसादाच्या आशेनं. शेवटच्या रांगेत सुमन. निरोप मी धाडला होता, हे आज पहिल्यांदा सांगतोय.

सुभेदारानं हुकूम सोडला, "धूप जाळ." नायिका झालेल्या अंगणवाडीच्या ताई गायल्या, "न्हाई, मनात न्हाई." आणि मंडळानं सवयीनं मागून म्हटलं, "न्हाई, मनात न्हाई." मग समोरच्या लोकांनीही.

सर संतापून लोकांकडे वळले आणि तसेच थबकले. शेवटच्या रांगेत सुमनचेही ओठ हलत होते.

पुढची ओळ त्यांची होती, "मग चालती हो माझ्या नगरीतून." पेटीवाला तिथवर आला, थांबला, मागे जाऊन परत आला. म्हातारा विसरला समजून आमच्या गणपत टेलरनं हळूच ओळ सुचवलीसुद्धा.

"येती मला," सर म्हणाले. "मी म्हणणार न्हाई."

सुभेदारच हटल्यावर गोष्ट कशी पुढे सरकणार? उन्हाळाभरची तालीम पाण्यात. लोक उठून प्रसाद शोधू लागले.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून टाळी ऐकू आली. एकटीच, सावकाश. आता गुरकावतील म्हणून आम्ही सगळे सरांकडे बघत राहिलो. टाळी थांबेपर्यंत ते मान खाली घालून उभे होते.