भिंतीबरोबर काय काय जाईल

त्या ओळीत पूर्णविराम तेवढा जागच्या जागी होता. बाकी सगळंच कमी होतं. 'निवडलेला घटक काढून टाकते.' बस्स. इमारतींचे नकाशे सांभाळणाऱ्या तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नुकताच एक एआय मदतनीस बसवला होता. त्याच्या हाती दिलेल्या प्रत्येक सोयीची माहिती लिहायचं काम तिचं. मदतनीस ती वाचणार आणि तेवढ्याच भरवशावर काम करणार. आजची सोय खोडण्याची होती, आणि खोडलेलं परत येत नव्हतं.

"एवढंच लिहायचं?" तिने साहेबांना विचारलं.

"अजून काय हवं? तो हुशार आहे, मॅडम."

"पण बरोबर आणखी काय जाईल, आधी कोणाला विचारायचं..."

"आलात स्वल्पविरामावर! संध्याकाळी हे पान बाहेर पडायला हवं."

ऑफिसात तिला 'स्वल्पविराम' म्हणत, ते काही उगीच नाही.

तरी करून पाहिल्याशिवाय ती कधी लिहीत नसे. सरावाच्या नकाशात नुसत्या रिकाम्या खोल्या. तिथे खोडून बिघडणार काय? म्हणून तिने स्वतःच्याच घराचा नकाशा उघडला. घराची दुरुस्ती चालू होती, मुकादम हेच सॉफ्टवेअर वापरत होता आणि नकाशा तिच्या नावावर होता. त्यात स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधल्या भिंतीवर मुकादमाने लाल प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

नवऱ्याला ती भिंत पाडून घर मोकळं करायचं होतं. सासूबाईंना ती हवी होती, कारण त्यांचा टीव्ही तिच्यावर होता. दोघं तिचं मत विचारत, ती दोघांनाही "बघू" म्हणे, आणि दोघांनाही ती आपल्याच बाजूची वाटे. मुकादम बिचारा उन्हाळ्यापासून त्या भिंतीला वळसा घालून बाकीचं घर उरकत होता.

तिने भिंतीवर क्लिक केलं आणि मदतनिसाला सांगितलं, 'ते प्रश्नचिन्ह काढ.' घरात एवढी निरुपद्रवी वस्तू दुसरी कुठली?

मदतनिसाने माहिती वाचली. निवडलेला घटक होता भिंत. 'भिंत काढली,' त्याने नम्रपणे कळवलं. 'आता तिच्याबद्दल कोणताही प्रश्न उरलेला नाही.'

पाठोपाठ फोन वाजला.

"ताई, अभिनंदन! ठरलं म्हणायचं एकदाचं!" मुकादमाचा आवाज आनंदाने भरून आला होता. "नकाशातून भिंत गेली. माणसांनी हातोडे उचलले पण."

"थांबवा त्यांना!"

"मी कशाला थांबवू? सासूबाई बसल्यात ना, भिंतीला पाठ लावून, खुर्ची टाकून. घ्या, बोला."

"सूनबाई," पलीकडून थंड आवाज आला, "आधी मला पाडा म्हणावं, मग भिंत."

"आई, चुकून झालं हो, मी घरी येऊन..." तोवर नवऱ्याचा फोन मध्ये आला.

"अगं, मुकादमाचा मेसेज आला! मानलं तुला! मी सोफ्याच्या दुकानात उभा आहे. आता लांबच घेऊ ना, पार गॅसपर्यंत?"

"काही घेऊ नकोस!"

"बरं, मग रंग तरी सांग."

तिने फोन ठेवला, मुकादमाला त्याच्याकडची नकाशाची जुनी प्रत पुन्हा चढवायला सांगितली आणि ती माहिती लिहायला बसली. आता तिचा हात कुठेच अडखळला नाही. काढण्याआधी, बरोबर काय काय जाईल ते सांगावं. परत येणार नाही हे सांगावं. मालकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय हात लावू नये. आणि शेवटी, अनुभवाने: 'बघू' हा होकार समजू नये.

साहेबांनी पान वाचून डोक्याला हात लावला. "इतकं लांब?"

"माझ्या घरातली एक भिंत गेली होती, साहेब."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. "राहू द्या," ते म्हणाले.

संध्याकाळी घरी सगळे भिंतीसमोर जमले होते. सासूबाई खुर्चीत, नवरा हातात सोफ्याचे फोटो घेऊन, मुकादम मध्ये.

"ताई, आज मी ऐकून जाणारच," म्हणत मुकादमाने लॅपटॉप उघडला आणि मदतनिसाला सांगितलं, 'मधली भिंत काढ.'

मदतनिसाने नवी माहिती वाचली होती. त्याने विचारलं, 'भिंतीबरोबर दार, दिव्यांची बटणं, टीव्ही आणि कामाचं टेबल जाईल. परत आणता येणार नाही. काढू का? मालकाने सांगावं.'

"टेबल?" नवरा म्हणाला. "कोणाचं?"

"ताईंचं," मुकादम म्हणाला. "पहिल्याच दिवशी मागितलं होतं त्यांनी. जागाच नव्हती, म्हणून नकाशात भिंतीच्या पलीकडे, गॅसशेजारी सारलं मी."

ते टेबल घरात कोणाला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"बघू," ती सवयीने म्हणाली आणि मुकादमाने शिस्तीत तेच टाइप केलं.

'बघू हा होकार समजता येत नाही,' मदतनीस उत्तरला. 'कृपया हो किंवा नाही सांगा.'

वाक्य तिचंच होतं. चांगलं लिहिलं होतं, हेही तिला मान्य करावं लागलं.

"नाही," ती म्हणाली. "भिंत राहील."

सासूबाईंनी विजयी मुद्रेने मुलाकडे पाहिलं आणि रिमोट उचलला.

"आणि आई, टीव्ही तिच्यावरून उतरेल. तिथे माझं टेबल येईल."