मेदेरचं चौऱ्याहत्तर वर्षांचं पोट

मेदेरचं पोट बिघडलंय हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, कारण गावातून नारिन शहराला जाणारी व्हॅन तोच चालवायचा. खिंडीच्या चढावर करकचून ब्रेक दाबून तो खडकाआड पळाला, की प्रवासी निमूट उतरून हातपाय मोकळे करत. एकदा तर एका नवरीची पाठवणी तिथंच खोळंबली, तेव्हा वऱ्हाडानं रस्त्यावरच नाचून घेतलं.

उपायांना तोटा नव्हता. शेजाऱ्यांनी मेंढीच्या शेपटीची चरबी पाजली, सासूनं डाळिंबाच्या साली उकळून दिल्या. नारिनच्या डॉक्टरनं मात्र नळी घालून तपासायला सांगितलं, आणि त्याचा खर्च ऐकून मेदेरचं पोट क्षणभर आपोआप थांबलं. वसंत येईपर्यंत त्याच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. बायको आयसुलू रोज त्याच्या बरगड्या मोजू लागली.

आणि बातमी आली, की राजधानीतलं डॉक्टरांचं पथक गावच्या शाळेत येणार. तपासणी फुकट, औषधं फुकट. पण फक्त सत्तरी ओलांडलेल्यांना.

"बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत," आयसुलू म्हणाली.

"पण बाबा दगड खाऊन पचवतात!"

"म्हणूनच म्हणते. त्यांना डॉक्टर कशाला? त्यांचं ओळखपत्राचं कार्ड तुम्ही न्या. फोटो जुना आहे, अगदी तुम्हीच दिसता."

मेदेरचा बाप, म्हातारा शार्शेन, आनंदानं तयार झाला. सुनेनं त्याला बजावलं, "कुणी काही विचारलं तरी तुम्ही शार्शेन नाही हं."

"पोरी, मी फौजेत होतो. मारून टाकलं तरी बोलायचो नाही."

बापाचा डगला, उंच टोपी आणि काठी अशा थाटात मेदेर शाळेतल्या खोलीत शिरला. डॉक्टरीणबाई चोल्पोन तरुण होत्या. त्यांनी कार्ड बघितलं, तोंड उघडायला लावलं आणि त्या थक्क झाल्या.

"आजोबा, हे दात तुमचेच?"

"हो."

"सगळे?"

"एक पडलाय," मेदेर ओशाळून म्हणाला.

"अगं, इकडे ये, बघ तरी! चौऱ्याहत्तर!" नर्स धावत आली. तिनं मेदेरचा दंड चिमटून पाहिला आणि 'अरे देवा' म्हणाली. शिबिराची बातमी करायला आलेल्या वार्ताहरानं फोटो काढला. "खाता काय?" त्यानं विचारलं.

"मेंढीची चरबी," मेदेरनं खरं ते सांगितलं. वार्ताहरानं भक्तिभावानं लिहून घेतलं.

मग मेदेरनं तक्रार सांगितली. जेवलं की कळ येते, पळावं लागतं, वजन उतरत चाललंय. चोल्पोनबाई मायेनं हसल्या.

"या वयात आतडी थकायचीच, आजोबा. हलकं खा, आराम करा."

"आणि औषध?"

"आता कशाला औषधांचा मारा? हां, चाळिशीतला माणूस असता तर आत्ताच्या आत्ता रक्त घेतलं असतं, गोळ्या सुरू केल्या असत्या. त्या वयात हे असं अंगावर काढून चालत नाही."

मेदेर खुर्चीच्या कडेला सरकला. "काढलं तर?"

"तर बायकापोरांचं कसं व्हायचं?"

मेदेर ताडकन उठला. "बाई, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे!"

"मनानं तरुण असावंच माणसानं."

"मनानं नाही हो, सगळाच!"

चोल्पोनबाई नर्सला हळूच म्हणाल्या, "भ्रम होतोय. घरचं कुणी आलंय का बघ."

"माझे बाबा बसलेत बाहेर! विचारा त्यांनाच!"

"यांचे बाबा?" नर्सच्या हातातली पट्टी खाली पडली.

पांढरीशुभ्र दाढी सांभाळत शार्शेन आत आला. "तुम्ही यांचे कोण?" बाईंनी विचारलं.

म्हातारा ताठ उभा राहिला. "मुलगा."

"बाबा!" मेदेर किंचाळला.

"काय झालं, बाबा?" शार्शेननं काळजीनं विचारलं.

चोल्पोनबाई आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिल्या. मेदेर समजवायला गेला आणि नेमकी तेव्हाच कळ आली. काठी फेकून तो सुटला. मैदान ओलांडून, शाळेच्या कुंपणावरून त्यानं अशी उडी मारली, की खिडकीतून बघणाऱ्या बाईंना त्याच्या वयाबद्दल आता कसलीच शंका उरली नाही.

तो परतला तेव्हा शार्शेन टोपी हातात घेऊन उभा होता. "पोरी," तो म्हणत होता, "वय माझं आहे, पोट त्याचं आहे. घर एकच आहे ना?"

बाईंनी हातमोजे चढवले. त्यांनी मेदेरला आडवं व्हायला लावलं, बराच वेळ पोट चाचपलं, रक्त घेतलं. "गाठबीठ लागत नाही हाताला. बहुतेक जंतू असावेत. या गोळ्या एकही न चुकवता घ्या, आणि ती चरबी बंद. रक्ताचं काय ते फोनवर कळवते."

मेदेरचे डोळे भरून आले. त्यानं डगल्याच्या बाहीनंच ते पुसले.

"पुढच्या आत या!" नर्सनं हाक मारली. "बुर्मा आजी, वय एक्याऐंशी!"

पायघोळ शाल लपेटून, कंबर धरून, शाळेत व्हॉलीबॉल शिकवणारी तरुण बाई आत आली. चोल्पोनबाईंनी तिचे लालबुंद गाल पाहिले. मग बाहेरच्या रांगेकडे नजर टाकली. डगले आजोबांचे होते, टोप्या आजोबांच्या होत्या, पण खाली दाढ्या मात्र सगळ्या काळ्या कुळकुळीत. मग वार्ताहराला बाहेर काढून त्यांनी दार लोटून घेतलं.

"या, आजी, बसा," त्या म्हणाल्या. "कुठं दुखतंय?"