चोच तुटलेला हंस

"गटाराचं झाकण? विकत?" किसाकोने हातातला मुळा ओट्यावर ठेवून दिला. "भाऊजी, ताई गेल्यापासून तुम्ही धड जेवत नाही हे मला दिसत होतं. पण प्रकरण डोक्यापर्यंत गेलंय हे आज कळलं."

कुनिहिको हागिवाराने पालिकेचं पत्रक मेहुणीपुढे सरकवलं. कामिनुमाच्या जमिनीखालचे पाण्याचे नळ आणि सांडपाण्याचे पाइप आता गावातल्या माणसांइतकेच थकले होते. मागच्या हिवाळ्यात बँकेसमोरचा रस्ता खचला, पाणीपट्टी दोनदा वाढली, सरकारी अनुदान आलं ते अर्ध्या गल्लीतच संपलं. तेव्हा पालिकेने शक्कल लढवली. स्टेशन रस्त्यावरची तीस जुनी झाकणं, प्रत्येकावर गावचा हंस, ती हौशी लोकांना विकायची आणि त्या पैशातून नवं काम सुरू करायचं. टोकियोत म्हणे असल्या झाकणांचे शौकीन असतात. अट एवढीच, की माणशी एक झाकण आणि तेही सोडतीत निघेल ते.

कुनिहिकोला असला काही शौक नव्हता. त्याला पोस्टासमोरचंच झाकण हवं होतं, चोच तुटलेल्या हंसाचं. बर्फ ढकलणाऱ्या गाडीचं पातं लागून ती चोच त्याच्या देखत उडाली होती. तेव्हा तो गावात बस चालवायचा आणि पोस्टाशेजारच्या सार्वजनिक स्नानगृहात नोबुए कामाला होती. रात्री आठला स्नानगृह बंद व्हायचं आणि ती बाहेर यायची. कंबरभर बर्फात उभं राहण्यासारखी जागा एकच, ते झाकण. त्याच्यावर बर्फ ठरत नसे आणि बुटांच्या तळव्यांतून छान ऊब वर यायची. त्या उबेवर उभं राहून त्याने तीन हिवाळे तिची वाट पाहिली आणि मग लग्न केलं. आता ती नव्हती आणि घरात कुठेही उभं राहिलं तरी त्याचे पाय गार पडायचे.

तो पालिकेत गेला. पाणी विभागाच्या ओरिहाराबाई वयाने तरुण आणि नियमाने पक्क्या.

"पोस्टासमोरचं मलाच द्या की. ओळखीचं आहे ते माझ्या."

"हागिवारासान, झाकण ओळखीवर देता येत नाही. सोडत म्हणजे सोडत."

"आणि माझं नाव निघालं, पण झाकण दुसरंच आलं तर?"

"तर दुसरा हंस. हंस सगळे सारखेच असतात."

एवढ्यावर गप्प बसला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण तो तडक, निवृत्त मंडळी काठीने चेंडू टोलवतात त्या गेटबॉलच्या मैदानावर गेला आणि तिथल्या एकेका म्हाताऱ्याला बाजूला घेऊन विनवू लागला, "तुझ्या नावाने एक अर्ज टाक. पैसे मी भरतो." कामिनुमात शेजाऱ्याला नाही म्हणायची पद्धत नाही. म्हाताऱ्यांनी अर्ज टाकले, त्यांच्या बायकांनी टाकले, एकाने तर रुग्णालयात पडल्या पडल्या टाकला. चाळीस किलोचं लोखंड आपल्या दारात कोणालाच नको होतं, म्हणून पोचवण्याचा पत्ता सगळ्यांनी कुनिहिकोचा दिला.

टोकियोच्या शौकिनांचे अर्ज आले चार. गावातून आले सव्वीस. महापौरांचे डोळे भरून आले. गावकऱ्यांचं सांडपाण्यावर एवढं प्रेम असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. स्थानिक वर्तमानपत्राने त्यावर अर्धं पान खर्च केलं. तीस झाकणांना तीसच अर्ज, त्यामुळे सोडतीचा प्रश्नच उरला नाही. बाहेरच्यांना स्टेशनाकडची चार पाठवली आणि उरलेली सगळी, एका सोमवारी सकाळी, मालट्रकमधून कुनिहिकोच्या दारात उतरू लागली.

"कुठं ठेवू?" चालकाने विचारलं.

"आत."

पहिली पाच व्हरांड्यात ठेवली. सहाव्याला व्हरांडा कण्हला, सातव्याला खाली बसला. नेमके त्याच वेळी महापौर मानपत्र घेऊन आले. मोडलेल्या व्हरांड्यात, हंसांच्या घोळक्यात उभं राहून कुनिहिकोने फोटो काढून घेतला. त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं. तो एकेक चोच तपासत होता.

"भाऊजी, एवढे पैसे आणले कुठून?" ट्रक गेल्यावर किसाकोने विचारलं.

"ओकिनावाचे."

किसाकोने व्हरांड्याची मोडलेली फळी उचलून बाजूला ठेवली. नोबुएला एकदा तरी ओकिनावाला नेऊन बर्फ नसलेला समुद्र दाखवायचा म्हणून साठवलेले ते पैसे होते. दर वर्षी पुढच्या वर्षी जाऊ म्हणत राहिले आणि राहूनच गेलं.

चोच तुटलेला हंस सगळ्यात शेवटी, ढिगाच्या तळाशी सापडला. कुनिहिकोने तो गेटबॉलवाल्यांकरवी अंगणात मधोमध ठेवून घेतला, त्यावरची माती जुन्या बनियनने पुसली आणि संध्याकाळभर घड्याळाकडे बघत बसला. आठला पाच कमी असताना त्याने बस चालवतानाचा कोट चढवला आणि बाहेर जाऊन झाकणावर उभा राहिला. बर्फ पडत होतं. ते झाकणावर पडलं आणि तिथेच राहिलं. मग ते बुटांवर साचू लागलं. लोखंडाचा गारठा पोटऱ्यांपर्यंत चढला तरी तो हलला नाही.

शेजारच्या घरातून किसाको मुळ्याच्या रश्श्याचा वाडगा घेऊन कुंपणाच्या फटीतून आली.

"हे काय चालवलंय?"

"गार आहे गं," तो म्हणाला. लहान मुलाने खेळणं मोडलं म्हणून सांगावं तसं म्हणाला. "तेव्हा गरम असायचं. हेच ते, बघ, चोच बघ. पण गार आहे."

"असणारच. झाकण का गरम असतं? खाली ताई पाणी सोडायची ते गरम असायचं."

"कसलं पाणी?"

किसाकोने वाडगा त्याच्या हातात दिला. पोरवयात तीही त्याच स्नानगृहात गल्ल्यावर बसायची. "बंद होताना मोठ्या हौदाचं बूच काढायचं काम ताईचं. काढायचं आठनंतर. ही पावणेआठलाच काढायची. आत बायका अजून बुडून बसलेल्या असायच्या, पाणी छातीवरून गुडघ्यावर यायचं, ओरडायच्या. मालक रोज बोल लावायचा."

"मग कशाला काढायची?"

"कशाला म्हणजे? 'बाहेर ते येडं उभं आहे,' म्हणायची, 'पाय गारठतील त्याचे.' तुम्हाला सांगितलं नाही तिने कधी?"

नव्हतं सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही नाही. उलट तो दर हिवाळ्यात तिला ऐकवायचा, की पोस्टासमोरची जागा शोधून काढायला अक्कल लागते. ती हो म्हणून भात वाढायची. कुनिहिकोला ती आत्ता, या क्षणी, ओल्या केसांनी दारातून बाहेर यायला हवी होती. नुसतं एवढंच विचारायचं होतं, की आधी का नाही बोललीस.

"रस्सा निवतोय," किसाको म्हणाली आणि दुसरीकडे बघत उभी राहिली.

पुढे बाकीच्या हंसांची सोय लागली. गेटबॉलच्या मैदानाला फरशी झाली. एक किसाकोने लोणच्याच्या पिंपावर दाब म्हणून ठेवला आणि तेव्हापासून तिच्याकडचं लोणचं कोणी घेत नाही. झाकणांच्या पैशातून काम सुरू झालं, स्टेशन रस्त्याचे पाइप बदलले, घरोघरी नवे मीटर आले. कोणाच्या घरी जास्त पाणी गेलं तर ते मीटर आपणहून पालिकेत कळवतात.

मीटर बसल्यावर महिन्याभरात, एका रात्री ओरिहाराबाईंचा फोन आला.

"हागिवारासान, तुमच्याकडे रोज टबभर पाणी जातंय. रोज पावणेआठला. काही गळतंय का? माणूस पाठवू?"

कुनिहिको तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात होता. घरातलं सांडपाणी जिथून बाहेर पडतं तिथल्या छोट्या चौकटीवर त्याने चोच तुटलेला हंस ठेवून घेतला होता. आत टबाचं बूच काढायचं आणि स्लिपर घालून पळत बाहेर यायचं, हे त्याला आता चांगलं जमू लागलं होतं. हंसावरचं बर्फ नुकतंच वितळून गेलं होतं.

"नाही हो. गळत काही नाही."

"मग एकट्या माणसाला रोज एवढं पाणी?"

"वाट बघतोय," तो म्हणाला.

ओरिहाराबाईंनी कोणाची ते विचारलं नाही. फोन खिशात टाकून तो दाराकडे तोंड करून उभा राहिला, पाय गार होईपर्यंत.